दाजींच्या खिडकीखालचं हॉटेल

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांना बरंच काही बोलणार आहे. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत. एकच खोड. एखादी गोष्ट मनानं घेतली की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ऐकायचं नाही.

लोखंडी कपाटांच्या कारखान्यात ते रंग मारायचे. समोर ओळीनं टांगलेली कपाटांची दारं, हातात फवाऱ्याची बंदूक आणि तोंडाला रुमाल. कंपनी मास्क द्यायची, पण त्यात जीव गुदमरतो म्हणून हे रुमालावर भागवायचे. व्हायचं तेच झालं. चाळिशीच्या आतच त्यांचं नाक गेलं. म्हणजे नाक जागच्या जागी होतं, चांगलं धारदार. वास तेवढा येईना. फुलाचा नाही, घामाचा नाही, करपलेल्या दुधाचा नाही. डॉक्टर म्हणाले, आता विसरा.

हे ताईला माहीत, आणि ताईनं सांगितलं म्हणून मला. तिसऱ्या माणसाला कळू द्यायचं नाही, हा त्यांच्या घरातला कायदा. दाजींना त्याची भारी लाज. मी एकदा म्हटलं, "अहो, लोक डोळ्यांचं सांगतात, कानांचं सांगतात, गुडघ्यांचं तर न विचारता सांगतात. तुम्ही नाकाचं सांगितलं तर काय बिघडेल?" तर पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. उलट लपवण्यासाठी ते सगळ्यांच्या आधी वास घ्यायचे. कुणाकडं जेवायला गेले की दारातूनच, "वा, काय घमघमाट सुटलाय!" एका घरी असं म्हणाले तेव्हा तिथं अजून भाजी चिरणंच चाललं होतं. ताईनं सावरून घेतलं, "शेजारून येतोय हो."

ताई म्हणजेच त्यांचं नाक. दूध नासलंय, शर्ट बदला, गॅस चालू राहिलाय, सगळं तिनं सांगायचं आणि यांनी निमूट ऐकायचं. ती सांगते ते तपासून बघायची त्यांना कधी गरज पडली नाही, आणि तिनंही कधी टोमणा मारला नाही. मी असते तर रोज मारला असता.

निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा दाजींच्या डोक्यात शिरलं की दुकानाचा गाळा घ्यायचा. त्यांना मूलबाळ नाही. म्हणायचे, "गाळा म्हणजे आपला मुलगा. म्हातारपणी हाच पोसणार." गाळा तरी कुठला, तर स्वतःच्याच इमारतीतला. हे पहिल्या मजल्यावर राहतात, गाळा बरोबर त्यांच्या पायाखाली. का, तर डोळ्यासमोर राहील. सगळी पुंजी त्यात ओतली आणि किल्ली आणून ताईच्या हातावर ठेवली. ताई म्हणाली, "छान." तिला खरं तर एकदा समुद्र बघायचा होता.

पण मुलगा निघाला उनाड. पहिला भाडेकरू झेरॉक्सवाला, सहा महिन्यांत गाशा गुंडाळला. मग मोबाइलवाला आला, तो एक दिवस कुलूप न लावताच गेला. त्यानंतर गाळा नुसता धूळ खात पडला. रोज सकाळी दाजी शटर उघडायचे, झाडायचे, आणि खुर्ची टाकून बसायचे. लोकांना वाटायचं यांनीच काहीतरी दुकान काढलंय. आत येऊन विचारायचे, "काय मिळतं?" दाजींचा चेहरा पडायचा.

अशात तो दलाल आला. त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. कुठलीही जागा दाखवताना 'चकाचक' म्हणतो म्हणून सगळे त्याला चकाचकच म्हणतात. तो म्हणाला, "दाजी, या गाळ्यात हॉटेल बसवा. हॉटेलवाला स्वयंपाकघरात, फरशीत, फर्निचरमध्ये स्वतःचे पैसे घालतो. एकदा घातले की हलत नाही. शिवाय खाली चांगलं हॉटेल असलं की वरच्या फ्लॅटांना भाव येतो. एकदम चकाचक." दाजींना त्यातलं 'हलत नाही' एवढंच ऐकू आलं. आधीच्या दोघांनी तोंड पोळलेलं. त्यांनी करारात स्वतःहून अट घालायला लावली, पाच वर्षं कुणी कुणाला हलवायचं नाही. ना हॉटेलवाल्यांनी जायचं, ना मालकानं काढायचं. चकाचकसुद्धा म्हणाला, "दाजी, स्वतःचे हात कशाला बांधून घेता?" पण मनानं घेतलं होतं.

हॉटेल काढणाऱ्या बाई चांगल्या होत्या. दुसऱ्याच्या हॉटेलात वर्षानुवर्षं राबून आता स्वतःचं काढत होत्या. भांडी निवडण्यापासून टेबलांच्या पायाखाली रबर लावण्यापर्यंत सगळं जातीनं बघायच्या. प्रश्न उरला धुराड्याचा. चुलींचा धूर बाहेर काढायला पत्र्याचा मोठा नळ लागतो, तो मागच्या भिंतीवरून पार गच्चीच्या वर न्यायचा असतो. सर्वात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अडून बसले. म्हणाले, माझ्या खिडकीवरून नळ जाऊ देणार नाही, सहीच करणार नाही. काम थांबलं. बाई रडकुंडीला आल्या.

तेव्हा आमच्या दाजींनी काय करावं? छाती पुढं काढून म्हणाले, "एवढंच ना? मग नळ माझ्या खिडकीपाशीच संपवा. मला काही त्रास नाही." आणि कागदावर सही ठोकून मोकळे झाले. त्यांना खरंच त्रास नव्हता हो. पण त्या खिडकीच्या आत पलंगाला दोन बाजू होत्या आणि दुसऱ्या बाजूला ताई झोपायची. तिला विचारायचं त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. धुराडं बसलं त्या दिवशी ताईला कळलं.

हॉटेल झकास चाललं. खोटं कशाला बोलू, गल्लीचं रूपच पालटलं. आधी अंधार पडला की तिथून जायला नको वाटायचं, आता दिवे, माणसं, बोलण्याचा आवाज. उशिरा कामावरून येणाऱ्या पोरी बिनधास्त येऊ लागल्या. म्हातारी माणसं संध्याकाळी बाहेरच्या बाकावर बसू लागली. इमारतीतले दोन फ्लॅट चांगल्या भावात गेले, आणि चकाचकच्या जाहिरातीत 'खालीच हॉटेल' हे सगळ्यात मोठ्या अक्षरांत असायचं. दाजींना रस्त्यात थांबवून लोक हात जोडायचे. आयुष्यभर दुसऱ्यांची कपाटं रंगवलेल्या माणसाला तेवढं पुरेसं होतं. ते हवेतच होते.

आणि मागच्या खोलीत ताई खोकत होती.

माझी लाँड्री आहे. ताईचे कपडे माझ्याकडंच येतात. पहिल्यांदा गाठोडं सोडलं तेव्हा मी माझ्याकडच्या कामवालीला विचारलं, "यात कुणी तळण सांडलंय का?" उशीचे अभ्रे, पडदे, टॉवेल, सगळ्याला तेलकट, कांद्याचा, जळक्या मासळीचा वास. दोनदा धुतले तरी इस्त्री फिरवली की वाफेबरोबर पुन्हा वर यायचा. ताईनं खिडकी बंद ठेवायला सुरुवात केली. मग खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. उन्हाळ्यात त्या खोलीत बसवायचं नाही. खोकला छातीत उतरला, डॉक्टरांनी दमा सांगितला आणि तोंडात फवारा मारायचं औषध हातात दिलं. एकाचं नाक फवाऱ्यानं गेलं, दुसरीच्या नशिबी फवारा आला. मी दाजींना हे तोंडावर सुनावलं. ते म्हणाले, "मेहुणीबाई, तिला आधीपासूनच सगळ्याचं जरा जास्त होतं."

"अहो, वास येतो तिला!"

ते उठले, खिडकी उघडली, मान बाहेर काढून चांगला लांब श्वास घेतला. "कुठंय वास?"

मला अशी तिडीक गेली! आम्ही तिघंच होतो त्या खोलीत, आणि तिघांनाही ठाऊक होतं. तरी हा माणूस माझ्यासमोर वास घेतोय. ताईनं माझा हात दाबला, म्हणून मी गप्प बसले.

शेवटी ताईनंच धीर करून इमारतीच्या सभेत विषय काढला. मीही गेले होते. तिनं सगळं नीट सांगितलं, नळ गच्चीपर्यंत वाढवा म्हणाली. वरचे गृहस्थ लगेच दाजींकडं वळले. "तुम्ही तर त्याच खोलीत झोपता. तुम्हाला येतो का वास?" सगळे दाजींकडं बघायला लागले. दाजींनी ताईकडं बघितलं, मग जमिनीकडं. म्हणाले, "नाही. मला काही जाणवत नाही." झालं. एक जण हसला. दुसरी म्हणाली, "वय झालं की होतं असं." विषय बासनात.

मी ताईकडं बघत होते. आता बोलेल, आता सांगेल, की अहो या माणसाला उकिरड्यावर उभं केलं तरी कळायचं नाही. एक वाक्य पुरे होतं. ती पदराआड खोकली आणि बसून राहिली. बाहेर आल्यावर मी तिच्यावर तोंड टाकलं. "बोलली का नाहीस?"

"चारचौघांत त्यांचं नाक कापू?" ती म्हणाली. मग तिलाच हसू आलं, आणि हसता हसता अशी धाप लागली की तिला जिन्यातच बसवावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बॅग घेऊन माझ्याकडं आली. माझं घर ते काय, लाँड्रीच्या मागं एक खोली. पण साबणाच्या वासाशिवाय दुसरा वास नाही. पहिल्या आठवड्यातच तिचा खोकला निम्म्यावर आला.

दाजींना वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. उतरला नाही. तो रागच नव्हता, तिला तिथं श्वास घेता येत नव्हता. इकडं त्यांचे हाल सुरू झाले. आंबलेलं वरण खाऊन पोट बिघडलं. कुबट शर्ट घालून बँकेत गेले, तर रांगेतला माणूस मागं सरकला. एकदा भाजी गॅसवर ठेवून पेपर वाचत बसले. भाजी जळाली, भांडं जळालं, शेजाऱ्यांनी दार बडवलं तेव्हा यांनी डोकं वर काढलं आणि खोलीभर धूर दिसला. तेव्हा म्हणे ते बराच वेळ त्या काळ्या भांड्याकडं बघत बसले होते. संध्याकाळी माझ्याकडं आले आणि ताईला म्हणाले, "तुला रोज असं होत होतं का गं?"

"रोज," ताई म्हणाली.

त्यांनी हॉटेलवाल्या बाईंना गाठलं. जागा सोडा म्हणाले. बाई बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "काका, घर गहाण टाकून उभं केलंय हे. बारा माणसं पोसतेय मी. काकूंसाठी नळ मी उद्या वाढवते, माझ्या खर्चानं. पण वरचे सही करत नाहीत." वरच्यांच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं दाजींनी. ते गृहस्थ म्हणाले, "भर सभेत तुम्हीच सांगितलंत ना वास नाही म्हणून?" आणि करारात पाच वर्षांची अट होती, यांनीच हट्टानं घातलेली. बोलायला तोंडच उरलं नव्हतं.

मग राहिला एकच मार्ग. वरचं घर विकायचं आणि दुसरीकडं कुठंतरी लहानसं घ्यायचं. ताईनं ऐकलं आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला. "दोनच खोल्या असू देत," ती म्हणाली, "पण खिडकी उघडता आली पाहिजे." ती माझ्या कॅलेंडरच्या मागं स्वयंपाकघराचा नकाशा काढत बसायची. ओटा इथं, कपाट तिथं. मला म्हणायची, तुझ्या जवळच बघू या.

चकाचकनं गिऱ्हाईक आणलं. वेळ मुद्दाम सकाळची ठेवली, खालच्या चुली पेटायच्या आधीची. खोलीला नवा रंग, पडदे माझ्याकडून ताजे धुतलेले, खिडकीतल्या चिंध्या काढलेल्या. तो म्हणाला, "ताईंनाही बोलवा. घरात बाईमाणूस असलं की लोकांचा विश्वास बसतो." म्हणून मी ताईला घेऊन गेले.

नवरा-बायको तरुण होते. तिच्या खांद्यावर तान्हं बाळ, झोपलेलं. घर त्यांना आवडलं, दिसतच होतं. नवरा भिंतींवर हात फिरवत होता, चकाचक प्रत्येक नळ सोडून दाखवत होता. मागच्या खोलीत येऊन ती मुलगी खिडकीपाशी थांबली. तिला धुराड्याचं तोंड दिसलं. तिनं चकाचकला विचारलं नाही, दाजींना विचारलं नाही. बायका विचारतात तसं सरळ ताईला विचारलं, "मावशी, इथं वास वगैरे येतो का हो? बाळाला याच खोलीत झोपवणार ना, म्हणून विचारते."

ताईनं बाळाकडं बघितलं. मग खिडकीकडं. आणि अगदी शांतपणे म्हणाली, "नाही गं. कसला वास?"

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. पण तिला मी दोष देऊ शकत नाही, आजही देत नाही. तिला त्या घरातून सुटायचं होतं. मुलगी हसली, नवऱ्याकडं बघून तिनं मान हलवली. चकाचकनं सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि दाजी बोलले. "येतो."

सगळे वळले. दाजींचा चेहरा लालबुंद झाला होता. "वास येतो. दुपारपासून रात्रीपर्यंत येतो. हिला दमा झालाय त्यानं. मला येत नाही, कारण मला कसलाच वास येत नाही. तीस वर्षं झाली. माझं नाक गेलंय. सभेत मी खोटं बोललो. तुम्ही हे घर घेऊ नका."

तीस वर्षं लपवलेलं त्या माणसानं दोन अनोळखी लोकांसमोर एका दमात सांगून टाकलं. मुलीनं बाळाला घट्ट धरलं, "बरं झालं सांगितलंत" म्हणाली आणि दोघं भराभर जिना उतरून गेली. चकाचकनं कपाळावर हात मारला. "दाजी, स्वतःच्या हातानं माती केलीत! आता सगळीकडं बोभाटा होणार. हे घर कुणी फुकट घेणार नाही." तोही गेला.

खोलीत आम्ही तिघंच राहिलो. ताई दाजींकडं वळली. "मी ओरडून ओरडून सांगत होते तेव्हा वास नव्हता," ती म्हणाली. "सभेत नव्हता. मी घर सोडून गेले तेव्हा नव्हता. आणि आज आला? आजच?"

"अगं, ते बाळ..." दाजी म्हणाले.

"आणि मी?"

दाजी बरोबर वागले होते, आणि ते बघून मला त्यांचा एवढा राग आला होता की मी ताईचा हात धरून सरळ बाहेर काढलं तिला.

बोभाटा झालाच. इमारतीतल्यांनी दाजींशी बोलणं टाकलं, तुमच्यामुळं आमचे भाव पडले म्हणाले. एका बाईंनी तर जिन्यात नाकाला रुमाल लावून दाखवला. हॉटेल मात्र छान चाललंय. भाडं वेळेवर येतं.

दाजी रोज संध्याकाळी लाँड्रीवर येतात. अंघोळ करून, माझ्याकडूनच इस्त्री झालेला शर्ट घालून. काउंटरच्या बाहेरच्या स्टुलावर बसतात, ताई आत बसते. पहिल्यांदा ती त्यांना म्हणाली, वाचायचा चष्मा राहिलाय. त्यांनी आणला. मग जाड पांघरूण. मग डाळीचे डबे. दर वेळी ते विचारायचे, "घरी कधी येतेस?" आणि ती म्हणायची, "बघू." परवा म्हणाली, "शिलाईचं मशीन आणाल का?"

मशीन लोखंडी, जुन्या घडणीचं, पायानं चालवायचं. काल दाजींनी ते हातगाडीवर घालून आणलं, स्वतः ढकलत. घामाघूम झाले होते. दोघांनी मिळून आत ठेवलं. ताईनं कप्पा उघडून रिळं तपासली. दाजी दारात उभे राहिले. गिऱ्हाईक होतं, एका माणसाचे शर्ट मी मोजत होते, तेवढ्यात दाजींचा आवाज आला.

"म्हणजे तू आता येत नाहीस."

"नाही," ताई म्हणाली.

"मग मी तिथं कशाला राहू?"

ताईनं वर बघितलंसुद्धा नाही. "भाडं घ्यायला."

दाजी आधी हसले. त्यांना वाटलं असावं ती चिडवतेय. मग तोंड फिरवून हातगाडीची दोरी गुंडाळू लागले, आणि त्यांना ती गुंडाळता येईना. मी म्हटलं, "दाजी, जेवून जा." ते नको म्हणाले. गाडी परत द्यायची होती म्हणून निघाले. शर्टवाला माणूस मला विचारत होता, मंगळवारी मिळतील का. मी हो म्हटलं. आत ताई सुईत दोरा ओवत बसली होती, आणि तिला सुईचं नाकं दिसत नव्हतं, कारण ती रडत होती.